आलेला हात

ज्या माणसानं केशवचा जीव वाचवला, त्याच माणसाचं मनगट केशवनं पिरगाळलं. आणि हे दोन्ही इतकं लागोपाठ झालं, की क्रांती चौकातल्या बघ्यांना नेमकं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी आपापल्या परीनं निवाडा केला. ज्यांनी पहिला भाग पाहिला होता ते म्हणाले, काका, नशीब बघा तुमचं. ज्यांनी दुसरा भाग पाहिला होता त्यांनी मोबाइल काढले. झालं होतं ते असं. गावाचं नाव बदललं तरी नळाला पाणी येण्याची पाळी काही बदलली नव्हती, त्यामुळे भर दुपारी टँकर धावत होते. असाच एक टँकर सिग्नल तोडून, मागं पाण्याची रेघ सोडत, चुकीच्या बाजूनं आला. केशव उजवीकडं बघत रस्ता ओलांडत होता, कारण नियमाप्रमाणे वाहनं उजवीकडून यायला हवी होती. त्याची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली होती आणि निवृत्त झाला तरी नियमांवरचा त्याचा विश्वास निवृत्त झाला नव्हता. मागून कुणीतरी त्याचं डावं मनगट घट्ट धरलं आणि हिसका देऊन मागं ओढलं. टँकर नाकासमोरून गेला, चष्म्यावर शिंतोडे उडाले. टँकर अजून पुरता गेलाही नव्हता, तोच केशवचा उजवा हात उठला आणि त्या पकडणाऱ्या पंजावर झाकणासारखा बसला. डावा हात खालून वर आला, त्या परक्या मनगटावरून वळला, कोपर किंचित खाली गेलं. बस, एवढंच. एक धट्टाकट्टा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, अंगाला कांद्याचा वास, भर चौकात केशवपुढं गुडघ्यावर बसला आणि मान वर करून अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "सोडा की साहेब. गेला तो टँकर."

केशवनं सोडलं. पण सोडण्याआधी अर्धा क्षण गेला होता, आणि त्या अर्ध्या क्षणात त्याला जे वाटलं ते त्यानं पुढं कुणालाही सांगितलं नाही. त्याला बरं वाटलं होतं. लहानपणी विहिरीत पोहताना कानात गेलेलं पाणी दिवसभर डोकं हलवून निघत नाही, आणि मग कधीतरी बेसावधपणे कूस बदलावी आणि ते एकदम बाहेर यावं, कान गरम व्हावा, सगळं स्वच्छ ऐकू यावं, तसं. आपल्या कानात पाणी आहे हे त्याला साठी उलटेपर्यंत माहीतच नव्हतं. समोर गुडघ्यावर बसलेला माणूस कळवळतोय, आणि आपल्याला स्वच्छ ऐकू येतंय. हे काही चांगल्या माणसाचं लक्षण नव्हे, आणि केशवला तर सगळे चांगला माणूस म्हणत आले होते. दुसरं काही म्हणण्यासारखं त्यानं कधी केलंच नव्हतं.

त्या माणसाचं नाव पुंजाराम. वैजापूरकडचा, कांदेवाला, कोर्टात साक्षीला आला होता आणि साक्ष पुढं ढकलली म्हणून मोकळा हिंडत होता. हाडाच्या डॉक्टरकडं केशव त्याला रिक्षानं घेऊन गेला. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? पुंजारामनं दुसऱ्या हातानं केशवकडं बोट दाखवलं आणि ओळख करून द्यावी तसं म्हणाला, "ह्यांनी केलं." डॉक्टरनं केशवचा चष्मा पाहिला, शर्टाच्या खिशातलं पेन पाहिलं, आणि पुंजारामला पुन्हा विचारलं, खरंच कसं झालं? हाड मोडलं नव्हतं. आतली दोरी ताणली होती, प्लास्टर घालावं लागणार होतं. ओलं प्लास्टर गुंडाळलं जात असताना पुंजारामनं खाली वाकून विचारलं, "साहेब, राग नका मानू, पण मला चोर समजले व्हय तुम्ही?" केशवला वाटलं, बुडत्याला कुणी दोर टाकला. तो म्हणाला, "हो. चोर समजलो. माफ करा." पुंजाराम इतका हसला की डॉक्टरला हात थांबवावा लागला. "अवं, सरपंचकीला उभा राह्यलो तव्हापासून समदं गाव चोरच समजतंय मला. पर हात कुणी नाय पिरगाळला." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "पैलवान हायेत का तुम्ही? नाय, अंगावरून नाय वाटत." केशव म्हणाला, नाही. पुंजाराम म्हणाला, "तेच म्हणतो. मंग ह्यो डाव आला कुठून?" हाच प्रश्न केशवलाही पडला होता. फक्त त्याला तो अजून नीट विचारता येत नव्हता.

डाव आला होता पडेगावहून, हे उघड होतं. पण ते उत्तर अर्धंच होतं. पडेगावला, दौलताबाद रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वर पत्र्याचा एक हॉल आहे. एकदा स्कूटर पंक्चर झाली म्हणून केशव त्या दुकानापाशी उभा होता आणि वरून हातांचा आवाज येत होता. टाळ्या नव्हेत, भांडणही नव्हे. बायका अंगणात पापड लाटताना हातांना जी एक लय येते तसलं काहीतरी. पंक्चर निघेपर्यंत तो जिना चढून गेला होता. आत सांडू नावाचा दांडगा गृहस्थ फिलिपाइन्सची हातघाई शिकवत होता. सांडू मूळचा वैजापूर तालुक्यातला. जिथं गुडघाभर पाण्याला लोक नदी म्हणतात तिथला हा माणूस घरी भांडून मुंबईला गेला आणि मालवाहू जहाजावर स्वयंपाक्याचा मदतनीस झाला. जहाजावर निम्मे खलाशी फिलिपिनो. समुद्रावर करमत नाही, म्हणून ते डेकवर एकमेकांचे हात बांधायचे आणि सोडायचे, आणि सांडू कांदे चिरता चिरता बघायचा. पुढं चाकू खाली ठेवून तोही बांधला जाऊ लागला. आता तो इथं शिकवत होता. जहाजाचा एक मोठा फोटो भिंतीवर होता आणि नवीन माणूस आला की सांडू त्यातल्या एका खिडकीकडं बोट दाखवून सांगायचा, "ते माझं किचन." त्या खिडकीतून काहीच दिसत नसे.

कवायत अशी. समोरचा तुमच्याकडं हात टाकतो. तुम्ही तो अडवता, दुसऱ्या हातानं खालून फिरवून बाजूला काढता, पहिल्या हातानं दाबता, आणि आपला हात त्याच्याकडं टाकता. तो तेच करतो. अडव, फिरव, दाब, टाक. हे चालूच राहतं, थांबायचं नाही. आणि असं चालता चालता मध्येच केव्हातरी समोरच्याचं मनगट किंवा कोपर अशा जागी येतं, की तिथं नुसतं वळायचं. सांधा अडकतो, माणूस अडकतो. सांडू त्याला कुलूप म्हणायचा. "कुलूप हुडकू नका, सर. हुडकलं की पळतं. आलेला हात येऊ द्या, जाणारा जाऊ द्या. मधी कुठं तरी ते बसून असतंय." केशव हुडकायचा. दुसरं त्याला काही येतच नव्हतं. त्याची जोडी आशाबाईंशी लागली होती. त्या एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर, मनगटं तिकिटाच्या पेटीवर आणि गर्दीच्या दांड्यावर तयार झालेली. त्या गप्पा मारता मारता केशवला कुलपात घालायच्या आणि आपलं बोलणं संपेपर्यंत तसंच ठेवायच्या. "सर, तुमचा हात म्हणजे स्टँडावरची बेवारशी पिशवी. कुणी बी उचलावी." केशव हसायचा. त्याचं कुलूप एकदाही लागलं नव्हतं. सगळं बरोबर करून तो शेवटच्या क्षणी थांबायचा आणि सांडूकडं बघायचा, मंजुरीसाठी प्रस्ताव वर पाठवल्यासारखा. तेवढ्यात आशाबाईंचा हात निघून गेलेला असायचा. तरीही तो जात राहिला. घरी त्यानं योगा सांगितलं होतं. मारामारी शिकतो असं सांगितलं असतं तर मीनाक्षीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, डॉक्टरला फोन केला असता. आणि खरं कारण तर त्याला सांगताच आलं नसतं. ते असं होतं, की तिथं हात येत होता आणि जातही होता. आलेला हात परत जातो, हे त्याच्या अंगाला नवीन होतं.

कारण नाना, म्हणजे त्याचे वडील, मनगट धरायचे. हात नव्हे, बोट नव्हे; मनगट. गुलमंडीच्या गर्दीतून जाताना इतर बापांची पोरं बापाचं बोट धरून चालायची, मनात आलं की सोडायची, फुगेवाल्यापाशी थांबायची, रडायची, सापडायची. केशव कधी हरवला नाही. नानांची बोटं त्याच्या मनगटाभोवती पूर्ण फिरून अंगठ्याला भेटायची आणि तिथंच राहायची. घरी आल्यावर पांढरा पट्टा उठलेला असायचा, मग तो हळूहळू लाल व्हायचा, आणि केशव तो बघत बसायचा, घड्याळ बघावं तसा. बोटं निसटतात, मनगट निसटत नाही, एवढंच नाना म्हणायचे. ते गणिताचे मास्तर होते, दोन वाक्यांत सुटणाऱ्या गोष्टीला तिसरं लावत नसत. असंच मनगट धरून त्यांनी केशवला शाळेत घातलं, असंच त्याला खात्याच्या कचेरीत नेऊन साहेबांच्या टेबलापुढं उभं केलं; तेव्हा त्याला मिशा होत्या. मुलगी बघायला गेले तेव्हा जिन्यात अंधार होता, नानांनी मनगट धरलं, आणि वर उजेडात आल्यावर सोडायचं राहून गेलं. मीनाक्षी अजून सांगते, मला वाटलं मुलाला दिसत नाही की काय. सगळे हसतात. केशवही हसतो, आणि हसताना त्याचा उजवा हात डाव्या मनगटावर जाऊन बसतो, हे कुणी बघितलेलं नाही. नानांना एक धाकटा भाऊ होता म्हणतात, लक्ष्मण. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या साली गाव उठलं, बैलगाड्या रात्रीतून निघाल्या, आणि पहाटे मोजणी झाली तेव्हा... इथं आत्या पदर तोंडाला लावायची आणि गोष्ट संपायची. नाना तेव्हा बारा-तेरा वर्षांचे असतील. केशवनं याच्या पुढं कधी विचारलं नाही. एकदा कारण सापडलं की माफ करावं लागतं, आणि माफ करायचं तर आधी रागवावं लागतं. एवढी मोठी दोन कामं हातात घेण्यापेक्षा विचारलं नाही हे बरं.

म्हणजे पुंजारामचा काही संबंध नव्हता. डॉक्टरकडून घरी निघालेली रिक्षा सिडकोच्या दिशेनं धडधडत असताना केशवला हे हळूहळू, फरशीवर पाणी पसरत यावं तसं, कळत गेलं. त्या चौकात त्यानं कुणा वैजापूरच्या माणसाचं मनगट पिरगाळलं नव्हतंच. मागून आलेल्या त्या पकडीला चेहरा नव्हता, आणि चेहरा नसलेली पकड त्याच्या ओळखीची एकच होती. आशाबाईंच्या हाताला कुलूप लागत नव्हतं, ते आशाबाईंसाठी नव्हतंच म्हणून. ते कुणाच्या नावानं केव्हापासून आत पडून होतं, हे आता त्याच्या हातांना माहीत झालं होतं. आणि घरी नाना होते. नाना अठ्ठ्याऐंशीचे होते, गेल्या पावसाळ्यात झटका येऊन डावी बाजू गेली होती, बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. उजवा हात तेवढा शाबूत होता. नुसता शाबूत नव्हे, दोन हातांचं बळ त्या एकात येऊन राहिलं होतं. रोज सकाळी आंघोळीला नेताना केशव त्यांना पलंगावरून उठवायचा, आणि न्हाणीच्या उंबऱ्यापाशी आल्यावर नाना त्या उजव्या हातानं केशवचं डावं मनगट धरायचे. रोज. तीच बोटं, तोच फेरा, तोच अंगठा. आजवर ते चाललं, कारण केशवचा हात म्हणजे बेवारशी पिशवी होती. उद्या सकाळी ती पिशवी काय करील हे त्याला सांगता येत नव्हतं. त्या वयाचं मनगट म्हणजे वाळलेली काटकी. ती मोडेल, आणि मोडताना आपल्याला स्वच्छ ऐकू येईल. रिक्षावाल्यानं आरशात बघून विचारलं, "चाचा, तबियत ठीक है ना?" केशवचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं हात दुखतोय असं सांगितलं. पिरगाळला पुंजारामचा आणि दुखला याचा. मीनाक्षीनं पदर खोचला. ती ठेंगणी, नाना उंच. तिनं त्यांना काखेतून धरून उठवलं तेव्हा दाराआडून बघणाऱ्या केशवला ती एखादं कपाट हलवतेय असं दिसलं. उंबऱ्यापाशी नानांनी तिचं मनगट धरलं नाही. सुनेचं मनगट धरायचं नाही हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की झटक्यालाही ते काढता आलं नव्हतं. त्यांनी भिंत धरली. भिंत ओली होती. "अहो, जरा या की इकडं," मीनाक्षी ओरडली, आणि केशव आला, पण हात पाठीशी बांधून आला, समारंभाला आल्यासारखा. नानांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं. त्यांचा उजवा डोळा पूर्वीसारखाच होता, फळ्याकडं तोंड असतानाही वर्ग बघणारा. हे असं काही दिवस चाललं. मीनाक्षी म्हणाली, नर्सिंग ब्युरोचा माणूस लावू. ब्युरोचा माणूस आला, कारभारी नावाचा. नानांनी त्याचं मनगट असं धरलं की तो दुपारी जेवायला म्हणून गेला आणि परत आला नाही. फोनवर म्हणाला, "बाबांची पकड लई खराब हाय. तुम्ही कसं ऱ्हाता?" मीनाक्षीनं फोन ठेवला आणि केशवला म्हणाली, "तुमचे वडील आहेत. हात दुखतोय तर पडेगावला योगाला कसे जाता?" हा प्रश्न बिनतोड होता. केशव पडेगावला गेला.

तो सांडूला विचारायला गेला होता, की हे परत कसं जातं. पण चौकातलं ऐकून सांडूनं आधी त्याला मिठीच मारली. "लागलं! अवं, लागलं सरांचं!" त्यानं सगळा वर्ग थांबवला. टायरवाल्याकडून चहा आला. कोणत्या हातानं धरलं, अंगठा कुठं होता, कोपर किती खाली, माणूस एका गुडघ्यावर गेला की दोन्ही, हे सगळं दोनदा विचारून झालं. "दोन्ही," केशव म्हणाला. "दोन्ही!" सांडू वर्गाला म्हणाला. त्या माणसाचं पुढं काय झालं हे एकट्या आशाबाईंनी विचारलं. पुंजारामचा रोज फोन येत होता. तो स्वतःच्या हाताबद्दल बोलायचाच नाही, केशवची चौकशी करायचा, रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघत जा असं सांगायचा. आणि गावातल्या पोरांना तो डाव पाहिजे, एकदा येऊन दाखवून जा, म्हणायचा. हे सांगितल्यावर आशाबाई हसल्या, पण केशवचा चेहरा बघून थांबल्या. चहा संपला तेव्हा केशवनं सांडूला बाजूला, जहाजाच्या फोटोखाली नेलं आणि विचारलं, "हे येऊ नये म्हणून काय करायचं?" सांडूला प्रश्नच कळला नाही. "येऊ नये? अवं, लोक मरत्यात येण्यापायी." केशव म्हणाला, "घरात माझं मनगट एक म्हातारा माणूस धरतो. रोज." सांडूचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. त्यानं फोटोकडं, त्या न दिसणाऱ्या किचनकडं पाहिलं. मग म्हणाला, "लागलेलं कुलूप सोडायचं मी तुम्हाला शिकवीन. पर लागूच नये, ते मला बी ठाव नाय, सर. खलाशी म्हणला होता, ते बी सांगतो म्हणून. तेवढ्यात जहाज मुंबईला लागलं."

आणि मग मीनाक्षीची कंबर धरली. सकाळी नानांना उठवायला वाकली ती वाकलेलीच राहिली. तिला तशीच, काटकोनात, शेजारच्या खोलीत नेऊन पलंगावर आडवी करावी लागली. गरम पाण्याची पिशवी कमरेखाली घेऊन ती म्हणाली, "आता हात दुखो नाहीतर तुटो. ते मघापासून बसून आहेत." केशव आत जाऊन कपाटातून पूर्ण बाह्यांचा, हिवाळ्यातला जाड शर्ट काढून घालून आला, कफाची बटणं लावली. उन्हाळ्याचे दिवस होते. कातडीला बोटं लागली नाहीत तर हातांना कळणार नाही, असा त्याचा हिशेब होता. नानांनी शर्टाकडं पाहिलं. त्यानं त्यांना पाठीमागून, काखेतून धरलं, म्हणजे समोर मनगट यायलाच नको. तसे ते दोघं निघाले, एकामागे एक, लहान मुलं आगगाडी खेळतात तसे. "अहो, उजवा पाय आधी," भिंतीपलीकडून मीनाक्षी. "आधी उजवा." उंबऱ्याशी नानांचा डावा पाय अडला. केशवला पुढं येऊन तो उचलून ठेवावा लागला. तो सरळ झाला तेव्हा ते समोरासमोर होते, आणि नानांनी मनगट धरलं.

कापडाचा काही उपयोग झाला नाही. बोटं आली, फिरली, अंगठ्याला भेटली. केशवनं आपला उजवा हात उठताना पाहिला. सुटलेल्या एसटीकडं स्टँडावर राहिलेला माणूस बघतो तसा पाहिला. तो हात नानांच्या पंजावर बसला. डावा खालून वर आला, वळला. तो थांब म्हणाला, मनात, पण हातांना मनातलं ऐकू जात नव्हतं. कोपर खाली जाऊ लागलं आणि नानांचे गुडघे किंचित वाकले. आणि तिथं ते राहिलं. त्यानं थांबवलं असं नाही. तिथं एक जागा होती. हॉलमध्ये ती त्याला कधी सापडली नव्हती, चौकात तो तिच्यावरून न बघता पुढं निघून गेला होता. कुलूप लागलेलं आहे आणि दुखणं अजून सुरू झालेलं नाही अशी, पाऊलभर रुंदीची. तो नानांना घेऊन तिथं उभा होता. पुढं जावं तर काटकी मोडणार. सोडावं तर नाना फरशीवर पडणार, कारण त्यांचा सगळा भार आता त्याच पिळावर टांगलेला होता. हाताखाली म्हाताऱ्या कातडीच्या आत एक शीर उडत होती, की ती त्याच्याच बोटातली होती. कान त्यानं उगीचच ताणले. नळ ठिबकत होता, बाकी काही ऐकू आलं नाही. "झालं का?" मीनाक्षीनं विचारलं. "होतंय," केशव म्हणाला. नाना खाली, हातांच्या त्या गाठीकडं बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, दुखल्याचंही काही नव्हतं. न शिकवलेल्या रीतीनं एखाद्या पोरानं उदाहरण सोडवावं आणि उत्तर बरोबर यावं, तेव्हा मास्तर वही जवळ ओढून वरपासून वाचू लागतो, तसे ते वाचत होते. त्यांचं वाकडं झालेलं तोंड हललं.

"कुठं?"

"पडेगावला," केशव म्हणाला.

नानांनी विचार केला. "यो... गा?"

"नाही."

नानांना तोंडावर नाही म्हणण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती. "काय नाही?" मीनाक्षी पलीकडून ओरडली. पीळ तसाच ठेवून, पाऊल पाऊल मागं सरत, त्यानं नानांना स्टुलापर्यंत आणलं आणि बसवलं, आणि भार स्टुलावर गेल्याचं कळल्यावर एक एक बोट उचलून हात मोकळा केला. नानांच्या मनगटावर पांढरा पट्टा उठला होता. ते तो लाल होताना बघत होते. केशवनं बादलीत हात घालून पाणी पाहिलं, गार घातलं, पुन्हा पाहिलं, तांब्या भरून घेतला आणि तसाच धरून उभा राहिला, कारण नानांचा उजवा हात मांडीवरून उठला होता. तो आला नाही, त्यानं काही धरलं नाही. तो मध्येच, हवेत, उघडा थांबला.

"पुन्हा," नाना म्हणाले. झटक्यानंतर इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

ती परीक्षा होती, की शिक्षा, की आणखी काही, हे केशवला कळेना. मास्तरांच्या आवाजावरून ते लहानपणीही कळायचं नाही. त्यानं तांब्या खाली ठेवला. कफाचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत वर सारली, आणि आपलं मनगट त्या हातात दिलं. नानांची बोटं मिटली. या खेपेला त्यांनी आणखी जोरात धरलं.